काट्यामागचा हात

किराणा दुकानातलं पाच किलोचं लोखंडी वजन उलटं करून पाहिलं, तर तळाशी एक लहानसा खळगा दिसतो. त्यात शिसं भरलेलं असतं आणि शिशावर बारीक ठसे उमटवलेले असतात. पडताळणी करणाऱ्या निरीक्षकाची खूण, वर्ष, तिमाही. वापरून वापरून लोखंड झिजतं आणि वजन हलकं होतं. मग तेवढी भर शिशाची घालून वजन पुन्हा बरोबर केलं जातं आणि निरीक्षक नवा ठसा ठोकतो. हा ठसा नसलेलं वजन व्यवहारात वापरणं गुन्हा आहे.

निरीक्षकाकडचं वजन तरी बरोबर कशावरून? ते त्याच्याहून अचूक मानकाशी ताडून पाहिलेलं असतं, ते मानक आणखी वरच्या मानकाशी. ही साखळी नवी दिल्लीतल्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. तिथे प्लॅटिनम आणि इरिडियमच्या मिश्रधातूचा एक ठोकळा काचेच्या झाकणाखाली जपून ठेवलेला आहे. पॅरिसजवळच्या मूळ किलोग्रॅमची ही ५७ क्रमांकाची प्रत. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या ठोकळ्याऐवजी निसर्गातल्या एका स्थिरांकावर बांधली गेली, पण साखळी तीच राहिली. लासलगावच्या भुईकाट्यावर कांद्याचा ट्रॅक्टर चढतो, आधी भरलेला आणि मग रिकामा, तेव्हा त्या दोन आकड्यांच्या वजाबाकीवर शेतकरी आणि व्यापारी दोघेही विश्वास ठेवतात, तो या साखळीच्या जोरावर. त्या वेळी दिल्लीची आठवण कोणालाच येत नाही. येण्याची गरजही नसते.

बाजार आणि सरकार म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दोन पैलवान उभे राहतात. एकाला जागा दिली की दुसऱ्याने मागे सरायचं. सरकार जितकं कमी तितका बाजार मोकळा, असं एक बाजू सांगते. बाजाराला मोकळं सोडलं की गरीब भरडला जातो, असं दुसरी. त्या शिशाच्या ठशाने हे चित्रच पालटतं. काट्याला सरकारचा हात नसता तर बाजार अधिक मोकळा झाला नसता, तो भरलाच नसता. प्रत्येक गावाचा शेर वेगळा, प्रत्येक पेठेची पायली वेगळी आणि घ्यायचं माप एक, द्यायचं माप दुसरं, अशी परिस्थिती या देशात होती, आणि तीही फार जुनी गोष्ट नाही. मेट्रिक वजनांची सुरुवात झाली ऑक्टोबर १९५८ पासून. शेर, अदमण, मण, खंडी मोजत वाढलेली माणसं अजून गावोगावी भेटतात.

राज्यकर्त्यांना हे काम फार पूर्वीपासून ठाऊक होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांसाठी पौतवाध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे. वजनं कशाची घडवायची, ती कधी तपासायची, खोटं माप सापडलं तर दंड किती, हे सगळं तिथे नेमून दिलेलं आहे. त्याच ग्रंथात व्यापाऱ्याच्या नफ्याची मर्यादाही आहे: देशी मालावर शेकडा पाच, परदेशी मालावर शेकडा दहा. एका हाताने काटा धरायचा आणि दुसऱ्या हाताने भाव ठरवायचा, या राज्यसंस्थेच्या दोन्ही सवयी तेव्हापासून शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. पहिलीमुळे बाजार उभा राहतो. दुसरीचं काय होतं, ते मात्र प्रत्येक वेळी तपासून पाहावं लागतं.

ते पाहायला वऱ्हाडात जावं लागेल.

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ मध्ये सुरू झालं, तिथला कापूस मँचेस्टरला पोहोचेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकदम मोल आलं. रेल्वे आली, जिनिंगचे कारखाने आले, खामगाव, अकोला, कारंजा इथल्या पेठा फुलल्या. व्यवहाराची रीत मात्र जुनीच होती. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात धरून बोटं दाबून भाव ठरवत. याला हत्ता पद्धत म्हणत. ज्याचा माल विकला जातोय तो शेतकरी शेजारी उभा असे, आणि रुमालाखाली काय ठरलं हे त्यालाच कळत नसे. नंतर हातात पडणाऱ्या पट्टीत अडत, हमाली, तोलाई यांच्या जोडीला कडता, वटाव, नमुना, धर्मादाय अशा नाना कपाती असत. धर्मादायातला किती पैसा धर्माला लागे हे विचारण्याची शेतकऱ्याची प्राज्ञा नव्हती.

१८८६ मध्ये कारंजा इथे नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. देशातल्या बाजार समित्यांचं मूळ इथे आहे. हे ब्रिटिशांनी शेतकऱ्याच्या कळवळ्यापोटी केलं असं समजण्याचं कारण नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना भेसळ नसलेला कापूस नियमित भावाने हवा होता, आणि रुमालाखालच्या बाजारातून तो मिळत नव्हता. सुरुवातीच्या समित्यांवर वर्चस्वही व्यापाऱ्यांचंच होतं. तरीही जे घडलं त्याचं मोल मोठं आहे. भाव उघडपणे बोलला जाऊ लागला, काटा तपासला जाऊ लागला, कपाती ठरल्या. १९२८ मध्ये शेतीविषयक शाही आयोगाने देशभर असे बाजार उभारण्याची शिफारस केली. पुढे १९६३ च्या कायद्याने आजच्या महाराष्ट्राला बाजार समित्यांची चौकट मिळाली. लासलगावची समिती त्याहूनही जुनी, १९४७ ची.

कुंपण मात्र दोन्ही बाजूंनी अडवतं. माल समितीच्या आवारातच विकायचा, परवानाधारकालाच विकायचा, या नियमाने फसवणुकीला आळा बसला तसा स्पर्धेलाही बसला. परवाने मोजके, गाळे मोजके, नवा व्यापारी आत येणं अवघड. लिलाव उघड झाला तरी बोलणारे तेच दहा-बारा लोक असतील, तर उघडपणाचा उपयोग किती? जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्राने फळं आणि भाजीपाला नियमनमुक्त केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. २०२० मध्ये केंद्राने तीन कृषी कायद्यांतून हीच गोष्ट देशभर करायचं ठरवलं. पंजाब-हरियाणातले शेतकरी वर्षभर दिल्लीच्या सीमेवर बसले आणि २०२१ च्या अखेरीस कायदे मागे घ्यावे लागले. विरोधाच्या मुळाशी एक साधी भीती होती: कुंपण काढल्यावर काटा कोण धरणार? पैसे बुडाले तर दाद कोणाकडे मागायची? या प्रश्नाला खात्रीचं उत्तर मिळालं असतं तर त्या कायद्यांचं भवितव्य कदाचित वेगळं झालं असतं.

त्याच वऱ्हाडाने काटा धरणारा हात स्वतःच खरेदीला उतरलेलाही पाहिला. १९७१ चा कायदा करून महाराष्ट्राने कापसाची एकाधिकार खरेदी योजना आणली आणि १९७२-७३ च्या हंगामापासून ती सुरू झाली. राज्यातल्या शेतकऱ्याने आपला कापूस फक्त सरकारी यंत्रणेला विकायचा. खरेदी पणन महासंघ करणार, जिनिंग-प्रेसिंग करून गाठी विकणार, आणि नफा झाला तर तो शेतकऱ्यालाच वाटणार. हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. व्यापाऱ्यांच्या साखळीने पिळलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हमीचा भाव आणि वर नफ्यात वाटा देणारी ही योजना देशात एकमेव होती, आणि पहिल्या काही वर्षांत विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी तिच्यावर मनापासून भरवसा ठेवला.

पण कापसाला राज्याची सीमा कळत नाही. बाहेर भाव चढा असला की महाराष्ट्राचा कापूस रात्रीच्या ट्रकने मध्य प्रदेशात नाहीतर आंध्रात जाई. बाहेर भाव पडला की तिकडचा कापूस इकडच्या केंद्रांवर येई. म्हणजे तेजीत महासंघाच्या हाती माल नाही आणि मंदीत साऱ्या मुलखाचा माल अंगावर. त्यात हमीभाव ठरवताना निवडणुकीचं गणित शिरलं आणि तोटा वर्षागणिक साचत गेला. खरेदी केंद्राबाहेर बैलगाड्यांच्या रांगा लागत. गाडीवान गाडीखालीच पथारी टाकत आणि पहाटे उठून बैलांना वैरण घालत. ग्रेडरच्या एका शब्दावर गाडीभर कापसाची प्रत ठरे. माल घातल्यावर चुकाऱ्यासाठी महिनोन्महिने वाट पाहावी लागे आणि तोवर घरखर्चासाठी सावकाराचंच दार. ज्या सावकाराच्या तावडीतून सोडवायचं होतं, उशिरा आलेल्या चुकाऱ्याने माणूस त्याच्याच ओट्यावर जाऊन बसला. २००२-०३ च्या सुमारास खासगी व्यापाऱ्यांना खरेदीची मुभा मिळाली आणि एकाधिकार संपला.

जो पंच आहे त्यानेच खेळायला उतरलं की पंचाकडे दाद मागण्याची सोय उरत नाही. व्यापाऱ्याने वांधा काढला तर शेतकरी बाजार समितीत जातो. सरकारी ग्रेडरने वांधा काढला तर जायचं कुठे?

कांद्याची गोष्ट याहून अवघड आहे, कारण तिथे सरकार दिसतच नाही. ते येतं रात्रीच्या अधिसूचनेतून.

२०२३ हे एकच वर्ष घेऊ. फेब्रुवारीत भाव कोसळले. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारात नेला. भाव मिळाला किलोला एक रुपया. पट्टीवर वर ५१२ रुपये, खाली गाडीभाडं, हमाली आणि तोलाई मिळून ५०९ रुपये ५१ पैसे. शिल्लक २ रुपये ४९ पैसे. त्याला दोन रुपयांचा धनादेश मिळाला, तोही पुढच्या तारखेचा. त्या धनादेशाचा फोटो देशभर फिरला. त्या पट्टीत वजन बरोबर होतं, बेरीज-वजाबाकी बरोबर होती, आणि तरीही चार महिन्यांच्या श्रमाचं काहीच उरलं नव्हतं. काटा कितीही खरा असला तरी त्याच्या पलीकडे काही लागतं, ही गोष्ट सांगायला ही एक पट्टी पुरे.

मार्चमध्ये राज्य सरकारने क्विंटलमागे ३५० रुपयांचं अनुदान जाहीर केलं. ऑगस्टमध्ये चित्र उलटलं. पाऊस लांबला, साठवणीच्या चाळीतला कांदा खराब होऊ लागला, शहरांत भाव चढू लागले आणि १९ ऑगस्टला केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. व्यापाऱ्यांनी लिलाव बंद पाडले. मग केंद्राने २ हजार ४१० रुपये क्विंटलने दोन लाख टन जादा कांदा खरेदी करण्याची घोषणा केली. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यात मूल्य आलं. ८ डिसेंबरपासून निर्यात सरसकट बंद. लासलगावात चार हजारांच्या आसपास गेलेला भाव महिनाभरात निम्म्याच्या खाली आला.

दहा महिन्यांत सरकारने याच शेतकऱ्याला आधी मालाला भाव नाही म्हणून मदत दिली आणि मग मालाला भाव आहे म्हणून त्याची वाट अडवली. दोन्ही निर्णय घेणारे लोक दुष्ट नव्हते. शहरात महिन्याला पंधरा हजारांवर घर चालवणाऱ्या बाईला ८० रुपये किलोचा कांदा परवडत नाही, ही गोष्ट खरीच आहे आणि तिची काळजी सरकारने घेतलीच पाहिजे. सत्ताधाऱ्यांना कांद्याची भीतीही खरी वाटते. १९९८ मध्ये दिल्लीतल्या सत्तांतरात महागलेल्या कांद्याचा वाटा होता. २०२४ मध्ये कांदापट्ट्यातल्या दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्र्यांचा पराभव झाला, तेव्हा निर्यातबंदीचा राग उघड बोलला गेला. एकीकडे खाणारा मत देतो, दुसरीकडे पिकवणारा.

प्रश्न काळजी कोणाच्या खिशातून घ्यायची हा आहे. निर्यात बंद केली की शहरातला कांदा स्वस्त होतो, आणि त्या स्वस्ताईचं बिल शेतकऱ्याकडून वसूल होतं. ते कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही, त्यावर सभागृहात चर्चा होत नाही, मतदान होत नाही. अनुदान द्यायचं झालं तर तरतूद करावी लागते, रक्कम छापावी लागते. बंदी फुकट वाटते, म्हणून तिच्याकडे हात चटकन जातो. शिवाय तिचा एक घाव उशिरा दिसतो. बांगलादेश, मलेशिया, आखातातला आयातदार एकदा दोनदा वाट पाहतो, मग पाकिस्तान, इजिप्त, चीन यांच्याकडे वळतो. सप्टेंबर २०१९ मध्ये बंदी, मार्च २०२० मध्ये उठली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुन्हा बंदी, जानेवारी २०२१ मध्ये उठली. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी, मे २०२४ मध्ये उठली तीही शुल्क आणि किमान मूल्य ठेवून. शुल्क पूर्णपणे गेलं १ एप्रिल २०२५ ला. असा पुरवठादार कोणत्या दुकानदाराला चालेल?

आयातीचं हत्यारही वापरून झालं आहे. २०१९ च्या डिसेंबरमध्ये कांदा शंभरीपार गेला तेव्हा केंद्राने तुर्कस्तान आणि इजिप्तचा कांदा मागवला. तो पोहोचेपर्यंत देशातला नवा माल बाजारात येऊ लागला होता. आलेल्या कांद्याची चव इथल्या जिभेला वेगळी लागली आणि अनेक राज्यांनी आपली मागणी मागे घेतली. सरकारी खरेदीचं चक्र फिरायला जेवढे आठवडे लागतात, तेवढ्यात कांद्याचा बाजार कूस बदलून मोकळा होतो.

परकी माल अडवणं किंवा देशी माल राखणं हे राज्यसंस्थेने कधीच करू नये, असं मात्र नाही. शिवाजी महाराजांचं १६७१ चं एक पत्र प्रसिद्ध आहे, कुडाळच्या सरसुभेदारांना लिहिलेलं. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशातून येणारं मीठ स्वस्त पडत होतं आणि कोकणातल्या मिठागरांचा माल पडून राहण्याची वेळ आली होती. महाराजांनी बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितली, म्हणजे ते इथल्या मिठापेक्षा महाग पडेल आणि व्यापारी संगमेश्वरकडचं मीठ उचलतील. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या हुकमात कारण सांगितलेलं आहे, जकातीचा हिशेब कसा धरायचा हे सांगितलेलं आहे, आणि झळ कोणाला बसणार हेही स्पष्ट आहे. कांद्याच्या अधिसूचनेत हे शोधायला गेलं तर सापडत नाही.

सरकारने बाजारात उतरून काय केलं म्हणजे बाजारही टिकतो आणि माणूसही, याचं एक उत्तर महाराष्ट्राने स्वतःच शोधून काढलेलं आहे. ते बहात्तरच्या दुष्काळात सापडलं.

१९७०-७१ पासून पाऊस हुलकावणी देत होता. १९७२ मध्ये तो जवळपास आलाच नाही. विहिरी आटल्या, पिकं करपली, जनावरं कवडीमोलाने विकली गेली. धान्य देशात अजिबातच नव्हतं असं नाही. बीड-उस्मानाबादच्या शेतमजुराच्या हाती ते विकत घ्यायला पैसा नव्हता, ही खरी अडचण होती. रानात काम नाही म्हणून मजुरी नाही, मजुरी नाही म्हणून बाजारात त्याची भूक कोणालाच दिसत नाही. भूक आणि मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजार मागणीला उत्तर देतो. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दुष्काळांवरच्या आपल्या अभ्यासात हेच सूत्र मांडलं. मराठवाड्यातल्या माणसाने ते नऊ वर्षं आधी अंगावर झेललं होतं.

राज्य सरकारने कामं काढली. पाझर तलाव, नाला बांध, रस्ते, खडी. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. उन्हात खडी फोडणाऱ्या बायांच्या ओळी, झाडाच्या फांदीला टांगलेल्या झोळीत तान्हं मूल, दुपारी वाटली जाणारी सुकडी, रेशनवरची लाल मिलो. त्या पिढीच्या आठवणीत हे सगळं आजही जसंच्या तसं आहे. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला तेव्हा एक गोष्ट पुढे आली. त्या काळात खासगी व्यापाऱ्यांनी एका राज्यातलं धान्य दुसऱ्या राज्यात न्यायला बंदी होती, आणि सरकारी पुरवठा तर गरजेपेक्षा फार अपुरा पडत होता. तरीही धान्य महाराष्ट्रात आलं, चोरवाटांनी आलं, कारण इथल्या मजुराच्या हातात आता दर आठवड्याला पगाराचे पैसे होते. सरकारने भुकेचं मागणीत रूपांतर केलं आणि उरलेलं काम बाजाराने केलं, तेही सरकारच्याच बंदीला वळसा घालून.

या अनुभवातून रोजगार हमी योजना पक्की झाली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तिचा ध्यास घेतला होता. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम देणं ही सरकारची कायदेशीर जबाबदारी झाली. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याचं मूळ इथलं. योजनेच्या बांधणीतली हुशारी अशी, की गरजू कोण हे ठरवायला तलाठ्याच्या दाखल्याची गरज नव्हती. भर उन्हात खडी फोडायला जो येतो त्याला गरज आहे, हे उघड होतं. पीक बरं आलं की माणसं आपोआप रानात परत जात.

आणि पैसा कुठून आला? १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर लावला. मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर आजही दर महिन्याला २०० रुपये कापलेले दिसतात, फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे अडीच हजार. शहरी पगारदाराने ग्रामीण मजुराच्या कामासाठी दिलेला हा हिस्सा होता, आणि जितका कर जमेल तितकीच भर राज्याने स्वतःच्या तिजोरीतून घालायची असं कायद्यात होतं. बिल कोणी भरायचं हे छापून, सभागृहात मंजूर करून सांगितलेलं होतं. कांद्याच्या बाबतीत जे कधी झालं नाही ते इथे झालं. म्हणूनच ही योजना सत्तांतरं पचवून टिकली. तिच्यातही हजेरीपटावर खोटी नावं चढली, कामं अर्धवट राहिली. ते लपवण्याजोगं नाही. पण तिचा पाया सरळ होता.

काट्याची आणखी एक जात आहे, जी रोज प्रत्येकाच्या खिशात असते. ती म्हणजे रुपया. एक किलो म्हणजे किती हे जसं ठरलेलं लागतं, तसंच एक रुपया म्हणजे किती हेही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा लंडनचा प्रबंध १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि दोन वर्षांनी हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. रिझर्व्ह बँक त्यांच्याच आराखड्यावर उभी राहिली, असं अनेकदा सांगितलं जातं. त्या दाव्यापेक्षा त्यांचं प्रत्यक्ष म्हणणं कितीतरी अधिक मोलाचं आहे. त्या वेळच्या चलनपद्धतीत रुपये किती पाडायचे यावर सरकारला काही बंधनच नव्हतं. असं चलन कितीही चांगल्या माणसांच्या हाती दिलं तरी त्याचं मोल ढासळण्याचा धोका राहतो, आणि ढासळलं की सर्वांत आधी मार खातो तो मजुरीवर जगणारा, हा त्यांचा मुद्दा होता. म्हणून चलनावर व्यक्तीच्या मर्जीपेक्षा नियमाचं बंधन हवं, यावर त्यांचा भर होता.

हा विचार देशाच्या कायद्यात वेगळ्या रूपाने यायला नऊ दशकं जावी लागली. २०१६ च्या दुरुस्तीनंतर महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, फार तर २ ते ६ च्या दरम्यान ठेवणं हे रिझर्व्ह बँकेवर बंधनकारक आहे. सलग तीन तिमाही ती मर्यादेबाहेर गेली तर बँकेला सरकारला लेखी कारणं द्यावी लागतात. २०२२ मध्ये ती वेळ पहिल्यांदा आली. पत्र लिहिलं गेलं, पण ते जनतेपुढे ठेवलं गेलं नाही. ते ठेवायला हवं होतं.

इथे कांदा पुन्हा समोर येतो. २०१२ च्या आधारवर्षावर महागाई मोजली जात होती तेव्हा त्या निर्देशांकात खाण्यापिण्याच्या वस्तूंना सुमारे ४६ टक्के वजन होतं. व्याजदर वाढवून कांदा स्वस्त होत नाही. म्हणून निर्देशांक चढला की बँकेचा नियम आणि सरकारची निकड या दोहोंचा भार सरकत सरकत शेतमालाच्या निर्यातीवर येऊन पडतो. रुपयासाठी लेखी नियम आहे, कांद्यासाठी नाही. अमुक शहरांतला सरासरी भाव अमुक आठवडे इतक्याच्या वर राहिला तर राखीव साठा बाजारात सोडला जाईल, इतक्याच्या खाली गेला तर सरकार या दराने खरेदीला उतरेल, आणि चालू हंगामात निर्यातीचे नियम बदलणार नाहीत, एवढं लागवडीच्या आधी जाहीर करता येण्यासारखं आहे. भाव स्थिरीकरण निधी आहे, खरेदी करणाऱ्या संस्था आहेत, रोजच्या भावांचे आकडे आहेत. नाही तो फक्त शब्द बांधून घेण्याचा निश्चय.

एप्रिलमध्ये निफाड, चांदवड, येवला या भागात उन्हाळ कांदा काढून झालेला असतो. वावरात पात कापणाऱ्या बाया ओळीने बसलेल्या असतात, वाऱ्यावर टरफलं उडत असतात. प्रतवारी करून चांगला कांदा एका बाजूला, जोड आणि गोल्टी दुसऱ्या बाजूला. शेताच्या कडेला बांबूच्या पट्ट्यांची चाळ असते, जमिनीपासून हातभर उचललेली, खालून वारा खेळावा म्हणून. देशाच्या वर्षाच्या कांद्यातला निम्म्याहून बराच अधिक वाटा याच हंगामाचा, आणि पावसाळाभर देश जो कांदा खातो तो अशाच चाळींतला. साठवला की त्याचं वजन घटतं, काही सडतो, काहीला कोंब फुटतात. सहा महिन्यांत तिसरा हिस्सा गेला तरी आश्चर्य वाटत नाही. एवढी घट सोसून सप्टेंबरमध्ये बरा भाव मिळाला तर साठवण्यात अर्थ आहे. भाव चढल्याबरोबर निर्यात बंद होणार असेल, तर आजच ट्रॅक्टर भरून लासलगावला नेलेला बरा. पण सगळ्यांनीच आज नेला तर भाव पडतो आणि सप्टेंबरमध्ये चाळी रिकाम्या राहतात.

पहिला ट्रॅक्टर भरून उभा आहे. चाळीचे चार कप्पे रिकामे आहेत. घरातली माणसं संध्याकाळी ओट्यावर बसून हेच बोलत आहेत, मोबाइलवर आजचे लिलावाचे भाव आले आहेत, आणि सप्टेंबरमध्ये दिल्लीहून कोणता कागद निघेल याचा अंदाज जो तो आपापल्या परीने बांधतो आहे.